माळ काढून ठेवू का?

आलेलं पत्र, थोडं आवरतं घेऊन:

"ताई, राम कृष्ण हरी. खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या उगमाकडं आमचं गाव. वय एकसष्ट. तरुणपणी माळ घातली, तेव्हापासनं वारी चुकवली नाही. यंदा आषाढीला दिंडीत होतो, पंढरपूर दोन मुक्कामांवर आलं होतं, तेव्हा इकडं घरात नातीला साप चावला. सहा वर्षांची पोर. रात्री पोट दुखतंय म्हणून रडत उठली. सुनेनं ओवा दिला, पोट शेकलं. चावल्याचं कुणाला कळलंच नाही. पहाटे तिला डोळे उघडता येईनात. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती, बेळगावला न्या म्हणाले. वाटेतच श्वास थांबला. मण्यार असणार, असं डॉक्टर म्हणाले. दर नागपंचमीला दूध-लाह्या घेऊन वारुळाला सूनच जाते हो.

दिवसकार्याच्या कीर्तनात महाराज म्हणाले, पूर्वजन्मीचं देणं असतं, ते फेडून लेकरू गेलं, आईबापाचंही काही असतंच. त्या दिवसापासनं सून माजघरातनं बाहेर येईना झालीय. मुलगा गोव्यात कामाला असतो. तो आला आणि मला एवढंच म्हणाला, 'बाबा, तुमच्या पांडुरंगाला हे थांबवता येत नव्हतं, की थांबवायचं नव्हतं?' मला उत्तर आलं नाही. माळ गळ्यात टोचायला लागलीय. काढून ठेवू का? जगात एवढं वाईट घडत असताना देव आहे म्हणणं म्हणजे लबाडी आहे का? आणि सुनेला काय सांगू?"

काका, राम कृष्ण हरी.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे दोन थांबू शकतात, सूनबाई थांबू शकणार नाहीत.

तिच्या मनात काय चाललं असेल, ते तुम्ही लिहिलं नसलं तरी उघड आहे. "मी पोरीला खाली का झोपवलं? ओवा देत बसण्यापेक्षा आधीच का नाही निघाले? मला कसं कळलं नाही?" त्यावर महाराजांनी "आईबापाचंही काही असतं" म्हटलं, म्हणजे तिनं स्वतःला जी शिक्षा सुनावलीच होती, तिच्यावर गावासमोर शिक्का बसला. म्हणून आधी तिला हे कळायला हवं की मण्यार चावली हे भल्याभल्यांना कळत नाही. हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या मागावर घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दात बारीक, चावल्याची खूण दिसेल न दिसेल अशी, सूज नाही, दुखणंही जवळपास नाही. काही वेळानं पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. सुरुवातीला फक्त पोटदुखी असते तेव्हा डॉक्टरही फसतात. पोट दुखतंय म्हटल्यावर ओवा देणारी आई आपल्याकडे घरोघरी आहे. तिनं जे केलं ते कुठल्याही शहाण्या आईनं केलं असतं.

हे तिला तुम्ही सांगा. तुमच्या मुलानंही सांगावं, पण घरातला वडीलधारा, माळकरी माणूस म्हणून तुमच्या तोंडून ते निघायला हवं, कारण ज्या धर्माच्या नावानं तिच्यावर दोष आला त्या धर्माचा घरातला माणूस तुम्ही आहात. माजघराच्या उंबऱ्यावर बसा आणि सरळ म्हणा, "पोरी, तुझी चूक नाही. तिचीही नव्हती. महाराज बोलले ते मी मानत नाही." एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा पुन्हा म्हणावं लागेल. ती जेवत नसेल, झोपत नसेल किंवा "मी तरी कशाला जगू" असं काही बोलली असेल, तर तिला एकटीला ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. 14416 हा सरकारचा टेली-मानस फोन आहे. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. ही मदत घेतली म्हणून श्रद्धेला काही कमीपणा येत नाही.

आता महाराजांच्या बोलण्याकडे येते, कारण त्यावर मला राग आहे आणि तो लपवायचा नाही.

कर्मसिद्धांत आपल्याकडे फार जुना आहे आणि तो क्रूरपणा म्हणून जन्मला नाही. तुमच्या मुलानं विचारलं, जवळपास तेच ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, विचारलेलं आहे. जगात कुणी सुखात, कुणी हालात. मग देव पक्षपाती ठरत नाही का, निर्दय ठरत नाही का? दुसऱ्या अध्यायातलं ते सूत्र आहे. शंकराचार्य त्यावर म्हणतात, देव पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, भात उगवतं की जव, ते बियाण्यावर ठरतं. तसा जिवांमधला फरक त्यांच्या त्यांच्या कर्मामुळे. पुढची शंकाही तिथंच आहे: सृष्टीच्या सुरुवातीला कर्म कुठून आलं? उत्तर येतं, संसाराला सुरुवातच नाही, तो अनादी आहे.

देवावरचा आरोप खोडायचा म्हणून हा युक्तिवाद मांडला गेला. तो पुरता टिकतो असं मला वाटत नाही. सुरुवातच नाही म्हटलं की पहिली चूक कुणाची, हा प्रश्न मागे मागे सरकत जातो, सुटत नाही. पण ते बाजूला ठेवू. महाराजांनी जे केलं त्याला हा सिद्धांतही परवानगी देत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत स्वतः सांगतात, "गहना कर्मणो गतिः". कर्माची गती गहन आहे, कळायला कठीण आहे. जे साक्षात भगवंत गहन म्हणतात, ते दिवसकार्याच्या कीर्तनात उभं राहून एका सहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत कुणाला कसं कळलं? कर्म मानणाऱ्यानं ते स्वतःपुरतं मानावं, आपलं वागणं सुधारण्यासाठी. दुसऱ्याच्या मयताला येऊन त्याचा हिशेब वाचायचा अधिकार कुठल्याही शास्त्रानं कुणाला दिलेला नाही.

आणि या हिशेबानं आपल्याच संप्रदायात काय केलंय तेही बघा. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांना आणि त्यांच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं की ही तुमची पूर्वजन्मीची फळं आहेत, भोगा. ज्यांच्यामुळे ते हाल होते त्यांना तेवढ्यानं मोकळीक मिळाली. नामदेवरायांनी मात्र असली कारणं सांगितली नाहीत. ते मंगळवेढ्याला गेले, चोखोबांच्या अस्थी गोळा केल्या आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. वारकऱ्यानं वागायचं कसं, हे मला त्यात दिसतं. तुमच्याकडच्या पोरांना शाळेत कन्नड असतं, त्यांना बसवण्णांचं वचन विचारा: "दयवे धर्मद मूलवय्या", दया हेच धर्माचं मूळ. ज्या बोलण्यात दया नाही, ते धर्माचं बोलणं म्हणून मी तरी ऐकून घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

आता मुलाचा प्रश्न. तो नास्तिक झाला म्हणून धास्तावू नका, आणि त्याला गप्प करू नका. थांबवता येत नव्हतं की थांबवायचं नव्हतं, हा प्रश्न सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एपिक्युरस या ग्रीक विचारवंताच्या नावावर सांगितला जातो. थांबवता येत नसेल तर देव दुबळा, थांबवायचं नसेल तर निष्ठुर, आणि थांबवताही येत असेल, थांबवायचंही असेल, तर मग वाईट आलं कुठून? तुमच्या मुलानं तो कुठं वाचला नसेल. लेकीच्या मरणानं त्याला तो शिकवला.

याचं एक उत्तर असं देतात की देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं, आणि स्वातंत्र्य खरं असेल तर वाईट निवडायचीही मुभा आली. माणूस माणसाशी जे करतो त्याला हे उत्तर बऱ्यापैकी लागू पडतं. फसवणारा सावकार, हुंड्यासाठी छळणारं घर, दारू पिऊन गाडी हाकणारा, या सगळ्यांना निवड होती. पण मण्यारीनं काय निवडलं? ती उंदराच्या वासानं आली, अंधारात अंग चेपलं म्हणून चावली. तिला पाप नाही.

विल्यम रो नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1979 साली नेमकी हीच जागा धरली. लांबच्या रानात वणव्यात एक हरणाचं पाडस भाजतं, काही दिवस तडफडतं आणि मरतं. बघायला कुणी नाही, त्यातून कुणी काही शिकलं नाही. या वेदनेतून कुठलं भलं साधलं? रो स्वतः देव मानत नव्हता. पण त्यानं दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या. एक, यावरून देव नाहीच असं सिद्ध होत नाही, देव असण्याची शक्यता फार कमी वाटायला लागते, इतकंच. दुसरी, देव मानणारा माणूसही विचारपूर्वक मानत असू शकतो. आपल्या भूमिकेला त्यानं स्नेहभावाचा नास्तिकपणा म्हटलं. तुमच्या घरात बापलेकांमध्ये असा स्नेहभाव राहिला, तर निम्मं काम झालं. मुलाला सांगा, "तुझा प्रश्न खरा आहे, आणि मला उत्तर येत नाही." देवाचा वकील म्हणून त्याच्यासमोर उभे राहू नका. त्याला बापाची गरज आहे.

माझं मत विचारलंत, तर सरळ सांगते. जगात वाईट आहे आणि देवही आहे, हे दोन्ही एकत्र मानता येतं. मात्र जे जे घडतं ते देवाच्या मर्जीनं आणि न्यायानंच घडतं, ही समजूत आणि तुमच्या नातीचं मरण, या दोन गोष्टी एका मनात मावत नाहीत. ती समजूत सोडा. ती सोडल्यावर देव सुटतो असं मला वाटत नाही, कारण आपल्या संतांनी तरी तसा देव मानलेला मला दिसत नाही.

पसायदान घ्या. प्रत्येक कीर्तनानंतर तुम्ही ते म्हणता. ज्ञानोबा काय मागतात? "जे खळांची व्यंकटी सांडो", दुष्टांचा वाकडेपणा जावो. "दुरिताचें तिमिर जावो", पापाचा अंधार जावो. सगळं आधीच न्यायानं चाललं असतं, तर हे मागायचं कशाला? जो ते मागतो त्याला दिसतंय की जग जसं असायला हवं तसं अजून नाही. ते तसं नाही म्हणून तो देवाचा हात सोडत नाही, त्याच्याकडेच मागणं मांडतो. त्या कीर्तनाच्या शेवटीही पसायदान झालंच असेल. महाराजांनी आधी सांगितलं त्याच्या ते थेट उलट आहे.

तक्रारीचं म्हणाल, तर वारकऱ्याइतकी देवाशी उघड तक्रार कुणी केली? 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. त्याच तुकोबांनी म्हटलंय, "माझे लेखी देव मेला". जनाबाईंनी विठोबाला "मूळ मायेच्या कारट्या" म्हणून शिव्या घातल्या. हे अभंग तुमच्या भजनी मंडळात म्हटले जातात, टाळांच्या ठेक्यात त्यांचा अर्थ हरवतो इतकंच. आता तो अर्थ तुमच्या वाट्याला आलाय.

मी वारीला गेलो आणि इकडं हे झालं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात खोल काटा आहे, आणि सुनेच्या वारुळाच्या दुधातही तोच आहे. आम्ही एवढं केलं, मग त्यानं एवढंही करू नये? महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी असंच बोलते. धर्मराजासारखा माणूस वनवासात आणि दुर्योधन ऐश्वर्यात, हे पाहून ती म्हणते, विधाता आईबापासारखा वागत नाही, रागावलेल्या परक्यासारखा वागतो, लेकरू खेळण्यांशी खेळतं तसा आपल्याशी खेळतो. धर्मराज तिला दटावतो, पण स्वतःबद्दल जे सांगतो ते मोलाचं आहे: मी फळासाठी धर्म करत नाही, द्यायला हवं म्हणून देतो, धर्माचा व्यापार करणारा मला हलका वाटतो. तुम्ही इतकी वर्षं पावसात भिजत, पायाला फोड आणत चाललात ते नातीच्या रक्षणाचा हप्ता म्हणून नव्हे. तसा कुठला करार झालेलाच नव्हता, म्हणून तो मोडल्याचा दोष चालणाऱ्याकडेही येत नाही. तुम्ही घरी असता तरी मध्यरात्री पोटदुखीला ओवाच दिला असता.

तर माळ. माझ्या मते आत्ता काढू नका. पाप लागेल म्हणून नव्हे, तसं काही लागत नाही. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत असे निर्णय घेतले की पुढं त्यांचंच ओझं होतं. नित्यनेम जमत नसेल तर राहू दे. काकड्याला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, कार्तिकीला पाय उचलत नसतील तर घरी थांबा, सुनेपाशी. पांडुरंगाशी बोलायचं असेल तर भांडा. वर्षभरानंही ती टोचत असेल, तर ज्यांच्या हातून माळ घातली त्यांच्याशी बोला आणि मग जो निर्णय होईल तो मोकळेपणानं घ्या. माळ गळ्यात असणं म्हणजे देवानं केलं ते बरोबर, अशी सही नाही. आणि "मला कळत नाही, पण मी त्याचं नाव घेतो" असं म्हणणाऱ्याला लबाड म्हणता येत नाही. लबाडी होते ती कळलंय असं सांगण्यात.

आता राहिला भाग माणसांचा, आणि तो देवाच्या खात्यावर टाकू नये असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. देवाची सेवा करून झोपलेल्यांवर हे का, असं तेव्हा घरोघरी विचारलं गेलं. त्याआधी 1755 साली पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये ऐन सणाच्या सकाळी, चर्चमध्ये गर्दी असताना भूकंप झाला तेव्हा सगळ्या युरोपानं हेच विचारलं होतं. त्या वादात रूसो या विचारवंतानं एक मुद्दा मांडला: तिथं सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं काही निसर्गानं बांधली नव्हती. किल्लारीतही बहुतेक माणसं दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड धाब्यांखाली गेली. जमीन हलणं आपल्या हातात नाही. भिंत कशी बांधायची ते आहे.

मण्यारीचंही तसंच आहे. तिच्या विषावर लस आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषांवर एकच लस चालते. श्वास थांबला तरी वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचू शकतो. तरीही 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, वर्षाला साधारण अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतली, बरीचशी पावसाळ्यात. एवढ्या सगळ्यांचं पूर्वजन्मीचं देणं नेमकं जून ते सप्टेंबरातच कसं येतं, आणि लस असलेल्या दवाखान्यापासून लांब राहणाऱ्यांकडेच कसं येतं? तुमच्या भागात भीमगडच्या रानातल्या गावांतून आजारी माणसाला अजून खांद्यावरच्या डोलीतून आणावं लागतं. तो रस्ता देवानं अडवलेला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं सर्पदंशाची नोंद करणं दवाखान्यांना बंधनकारक केलं. नोंद झाली तर कुठं किती लस लागते ते दिसतं. म्हणून नातीच्या मृत्यूची सर्पदंश म्हणून नोंद झालीय का, ते पहिल्यांदा तपासा. मग ग्रामसभेत प्रश्न मांडा: जवळच्या आरोग्य केंद्रात पावसाळ्याआधी किती लस येते, रात्री कोण असतं, पुढं न्यायला गाडी कुणाची? तोवर घरातली पोरं खाटेवर झोपवा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, त्यानं मण्यार बऱ्याच अंशी अडते. धान्याची पोती झोपायच्या खोलीतनं हलवा, म्हणजे उंदीर येणार नाहीत. आणि पावसाळ्यात रात्री अचानक पोट दुखून पापण्या जड झाल्या तर वाट बघू नका, हे भजनी मंडळाच्या प्रत्येक घरात सांगा. मुलाला या कामात घ्या. त्याला देव मानायला लागणार नाही, आणि तुम्हाला सोडायला लागणार नाही.

तालुक्याच्या कचेरीत अर्ज कन्नडमधूनच मागतील. मराठी आणि कन्नड, दोन्ही मसुदे मी करून पाठवते. आरोग्य केंद्राचं नाव आणि तारीख तेवढी तुम्ही भरा, आणि खाली मंडळातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. महाराजांचीही मागा.